तबेल्याचं दूध आणि काळी पेटी

ठाण्यात बाळकुमच्या आमच्या सोसायटीत दोन प्रकारचं दूध येतं: पिशवीचं आणि मावशींचं. मावशींचा तबेला कुंपणाला लागूनच आहे, आमच्या इमारतींच्या कितीतरी आधीपासूनचा. गेल्या वर्षी त्यांची एक म्हैस आजारी पडली, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की ते औषध दुधातून आपल्या मुलांच्या पोटात जातंय. त्या दिवसांचं दूध ओतून दिलं, असं मावशी सांगत होत्या. कुणी ऐकलं नाही. अध्यक्षांनी जाहीर केलं, शास्त्रीय चाचणी होईल. औषध सापडलं तर मावशींचं दूध बंद. म्हणजे तबेलाच बंद, कारण त्यांची बाकीची गिऱ्हाइकं केव्हाच पिशवीकडे गेली होती. अध्यक्षांच्या बेडरूमची खिडकी तबेल्याकडे उघडते, ही केवळ भौगोलिक माहिती.

चाचणी करणार होता माझा भाचा. कोलशेतच्या एका प्रयोगशाळेत तो औषध ओळखणाऱ्या काचा बनवतो.

"मामा, तुमच्या पार्किंगच्या सिमेंटमध्ये कुत्र्याचं पाऊल उमटलंय ना, तसंच. काचेवर प्लास्टिकचा पातळ थर बनतानाच त्यात औषधाचे रेणू घालायचे, ते घट्ट झालं की धुऊन काढायचे. मागे त्यांच्या मापाचे खळगे उरतात. दुधात तेच औषध असेल तर ते खळग्यात जाऊन बसतं आणि जांभळ्या दिव्याखाली काच हिरवट पिवळी चमकते."

"आणि भलतंच कुत्रं येऊन बसलं तर?"

"सहसा नाही बसत."

'सहसा' मी लक्षात ठेवलं.

त्या जांभळ्या दिव्याची काळी पेटी आणि काचांचा एक डबा आदल्या दिवशीच येऊन पडला होता. रविवारी क्लबहाउसमध्ये 'दूध शुद्धी अभियान' असा बॅनर लागला. भाचा घोडबंदर रोडला अडकला होता, पण मुहूर्त थोडाच अडकतो? नव्या गाडीची करतात तशी अध्यक्षांनी पेटीची पूजा केली. नारळ फोडला, हार घातला, हळदकुंकू लावलं. काचांनाही एकेक पिवळं बोट लावलं. मग माणूस टापटिपीचा, म्हणून रुमालाने सगळं पुसूनही टाकलं.

भाचा धापा टाकत पोचला, तर अध्यक्षांना आधी फोटो हवा होता. "अरे, टाक ना थेंब!" त्याने काचेवर मावशींच्या दुधाचा थेंब टाकला, काच पेटीत सरकवली, दिवा लावला. काच लख्ख चमकली. टाळ्या पडल्या. दुधात औषध सापडल्याचा एवढा आनंद मी प्रथमच पाहिला.

मावशी दाराशी किटली घेऊन उभ्या होत्या. "माझे दुधान काय नाय," त्या म्हणाल्या. "त्या पेटीलाच डाक्टरला दाखवा."

मला त्यांचं पटलं. भाच्याला म्हटलं, "अरे, नुसतं पाणी टाकून बघ."

"काका, पाण्याचा विषय पुढच्या मीटिंगला," अध्यक्ष म्हणाले.

भाचा मात्र ओशाळला. ते त्याने सगळ्यात आधी करायला हवं होतं. त्याने पाण्याची सीलबंद बाटली उघडली आणि डब्यातल्या दुसऱ्या काचेवर थेंब टाकला. तीही चमकली. काच नाकाशी नेऊन तो म्हणाला, "मामा, ह्याला हळद कुणी लावली? हळद ह्या दिव्याखाली स्वतःच चमकते!"

सगळ्यांनी अध्यक्षांच्या बोटांकडे पाहिलं.

भाच्याच्या बॅगेत न पुजलेल्या काचा होत्या. पाणी: अंधार. मावशींचं दूध: अंधार. मग त्याच दुधात त्याने सोबत आणलेलं औषध मुद्दाम मिसळलं, तेव्हा काच चमकली. म्हणजे काच काम करत होती. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. दूध चालू राहील, असं अध्यक्षांनी बॅनरकडे बघत सांगितलं.

लोक पांगल्यावर त्यांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "वास पकडणारं असं काही मशीन मिळतं का रे?"

मावशींनी किटली उचलली. "वासाला मशीन कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमची खिडकी हाय ना."