त्याचं वाक्य त्यालाच

औरंगाबादला दहा दिवसांचं समुपदेशनाचं शिबिर करून मी सिरसाळ्याला परतलो, तो अर्धा डॉक्टर होऊनच. गावात नुकताच एसटीडीचा पिवळा बूथ आला होता. मला वाटलं, मनाचा बूथ आपण उघडावा. मी शिकवायचो त्या कॉलेजातल्या माझ्या खोलीबाहेर समुपदेशनाची पाटी लावली. वहीत तीन उपचारपद्धती होत्या, पैकी एकच पेलण्यासारखी वाटली: सल्ला द्यायचा नाही, समोरच्याचं बोलणं आरशासारखं त्यालाच परत करायचं. फुकटात ज्ञानी दिसायची सोय.

पहिला आला तो बायकोनं ओढत आणलेला मेंढपाळ. रोगानं आठ दिवसांत सगळी मेंढरं गेली होती. तेव्हापासून तो धड जेवत नव्हता. बायको दाराबाहेर थांबली.

"वाडा रिकामा झाला, सर."

"वाडा रिकामा झाला," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. "आता मी बी ऱ्हाऊन काय करू?"

"तुम्हाला वाटतं, आता राहून काय करू."

तो उठून उभाच राहिला. "माझी जित्राबं मेली अन् तू मला कावून वेडावतो बे?"

सरांचा बे झाला आणि तो निघून गेला. आमच्याकडं पोरं भांडणात हेच करतात. समोरचा बोलेल ते तसंच परत म्हणायचं, तो रडेपर्यंत. लहानपणी मी त्यात पटाईत होतो. शिबिरात मात्र आठवलं नाही.

"काय बोल्लात त्यान्ला?" बायको आत आली.

"काहीच नाही." दुर्दैवानं ते खरं होतं.

"दावी-दोर समदं शेजारी लपवून ठिवलंय मी. चला बिगीबिगी."

तो मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात उन्हात बसला होता. "हितं बसा," ती मला म्हणाली, "अन् नुसतं हूं म्हना."

मी बसलो. मातीतली एक वाळकी लेंडी उचलून तो बोलू लागला. एक कान फाटलेली मेंढी, काळ्या तोंडाची, लई खोडीची... मी हूं म्हणत होतो. विसरलो की तो थांबायचा, माझ्याकडं बघायचा.

उन्हं कलली. तिनं भाकरी पुढं ठेवली. त्यानं तुकडा मोडला, हातात धरला, परत ताटात ठेवला.

मी तिला बाजूला घेतलं. "उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात नेऊ. मी येतो संगं."

"उद्याचं उद्या," ती म्हणाली. "चार राती जागले मी. आज माझा डोळा लागला तर?"

मी चपला काढल्या आणि परत त्याच्याशेजारी जाऊन बसलो.