फौजदार मावशींचं नाव फळ्यावर

त्या प्रयोगशाळेत मोठ्या बाईंना कुणी घाबरत नसे. सगळे टरकायचे ते नळ्या-बाटल्या धुणाऱ्या मावशींना. टोपणनावच पडलं होतं, फौजदार! बावीस वर्षांची नोकरी आणि डोक्यात एकच खूळ: हातमोजे. उघड्या बोटांनी कुणी नळी उचलली की मावशी दारातूनच कडाडायच्या, "अहो साहेब, नळी आहे ती, तुमच्या घरचा चमचा नव्हे!"

खूळ बिनबुडाचं मात्र नव्हतं. तिथे काम चालायचं आरएनएवर, आणि आरएनए म्हणजे महा नाजूक प्रकरण. माणसाच्या बोटांच्या घामात असं काहीतरी असतं, की ते आरएनएचा बघता बघता फडशा पाडतं. म्हणून मावशींनी दाराशी फळा टांगला होता. ज्याचा हात लागला, त्याने स्वतः आपलं नाव लिहायचं. वर्षभर पुसायचं नाही. मोठ्या बाईंचं नाव दोनदा होतं. मावशींचं? छे, बिशाद काय!

तिथली धाकटी संशोधक तीन वर्षं एका औषधाच्या मागे हात धुऊन लागली होती. "मावशी, जंतूंच्या पोटात एक कात्री असते, आरएनएचीच बनलेली. ती बंद पडली की जंतूचा कारभार आटोपला. जुन्या औषधांना जंतू आता भीक घालत नाहीत, म्हणून ही कात्रीच धरायची." नळीत कात्री, औषध आणि कापायला आरएनएचा धागा घालायचा. धागा तुटला की नळी चमकते. औषध लागू पडलं तर अंधारी राहते.

सोमवारी नळ्या चमकल्या. एकूण एक! मंगळवारी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मोठ्या बाई म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर हे औषध यादीतून काढू." पोरगी रडकुंडीला आली.

"दोन्ही वेळा निळ्या डब्यातल्याच नळ्या घेतल्या हो मी," ती मावशींना म्हणाली, आणि मावशींना एकदम आठवलं.

गेल्या गुरुवारी तो डबा भरताना जावयाचा फोन आला होता, "आई, मुलगी झाली!" मोजे काढून मावशींनी फोन घेतला, आणि मग आनंदाच्या भरात उघड्या हातांनीच डबा भरला. शेवटच्या नळीला ध्यानात आलं होतं. पण 'पुढे वाफेच्या भांड्यात उकडतीलच की' म्हणून त्यांनी झाकण लावून टाकलं. वाफेनेही ती घामातली पीडा मरत नाही, हे बावीस वर्षं जगाला ऐकवणाऱ्या मावशींनी!

आता बोलावं तर अब्रू जाणार, कदाचित नोकरीही. न बोलावं तर धागे आपल्या घामानेच तुटले हे कुणाला कळणार नाही, आणि पोरीचं औषध केरात. दुपारभर मावशी एकच बाटली घासत होत्या. शेवटी उठल्या, खडू घेतला आणि फळ्यावर ठसठशीत नाव लिहिलं. सगळे गोळा झाले. मावशींनी सगळं सांगून टाकलं.

"त्याच दिवशी का नाही बोललात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"लाज वाटली, बाई. दुसरं काय!"

बाईंनी निळा डबा केरात रिकामा केला. मग म्हणाल्या, "नवा डबा भरा. तुम्हीच भरा."

मावशींनी दुहेरी मोजे चढवून डबा भरला. शुक्रवारी पहिली नळी अंधारी राहिली. दुसरीही. तिसरीही! दुकानात यायला त्या औषधाला अजून कैक वर्षं होती, पण यादीत ते टिकलं. पोरीने धावत येऊन मिठी मारली, तर मावशी ओरडल्या, "अगं, आधी मोजे काढ!" मग ती फळा पुसायला निघाली. "खबरदार! वर्षभर राहणार ते," मावशी म्हणाल्या.

रविवारी त्या लेकीकडे गेल्या. कोपरापर्यंत हात धुतले आणि सवयीने पिशवीतून मोजे काढले.

"आई, वेडी की खुळी तू? तशीच घे तिला!" लेक हसत म्हणाली.

मावशींनी भीतभीतच हात पुढे केले. नातीने त्यांचं बोट मुठीत धरलं ते सोडायचं नावच घेईना. मावशींचे डोळे भरून आले.

"लाव गं बाई," त्या म्हणाल्या, "खुशाल हात लाव."