डावा बॉक्स

आधी माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि शब्दही साधेच येतात, तेवढं सांभाळून घ्या. पण मी दहा वर्षं लोकांच्या घरी जाऊन टीव्हीचा आवाज स्पीकरच्या बॉक्सला जोडून देतोय, आणि या कामात किस्से आपोआप साचतात. लोक आपल्याला थेट बैठकीत घेतात, कपाट सरकवायला लावतात, आणि कपाटामागे काय काय निघतं ते आपल्याला दिसतं. वायर तिथंच राहते. किस्सा आपल्याबरोबर येतो.

दुकान अंबडला, इस्माईलभाईंचं. दुकानात आम्ही दोघंच. नवे टीव्ही पापडासारखे पातळ झाले आणि त्यांचा आवाजही तसाच झाला. घरात मात्र जुना डेक आणि दोन मोठे बॉक्स धूळ खात असतात. मग लोक येतात आणि म्हणतात, "भाई, टीव्हीचा आवाज त्याच्यातून काढून द्या."

ते येतात ते भाईंच्या कानासाठी. जोडणी झाली की भाई दोन्ही बॉक्सच्या मधोमध डोळे मिटून उभे राहतात, मान हळू फिरवतात आणि म्हणतात, "बराबर." त्यानंतर कुणी शंका काढत नाही. एकदा एका घरी आम्ही दारात चपला काढत होतो. आत गाणं चालू होतं. भाई म्हणाले, "उजव्या बॉक्सची वायर उलटी लागली हाय." अजून आम्ही उंबरा ओलांडला नव्हता.

*

बदनापूरच्या एका गृहस्थांनी टीव्हीची वायर स्वतःच आणून जोडली होती. काळी, बारीक वायर. हिच्यातून करंट जात नाही, उजेड जातो, आणि त्या उजेडाचा पलीकडे आवाज होतो. तीन आठवडे आवाज नव्हता. दुकानदाराशी भांडून वायर दोनदा बदलून आणली होती.

आम्ही आत गेलो. सोफ्यावर प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक, टीव्हीच्या काचेवरचा पातळ कागदसुद्धा जागच्या जागी. भाईंनी वायर काढून बघितली. तिच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या तशाच होत्या.

"हे काढायचं असतं, साहेब."

"नवीन हाय ना भाई. कव्हर काढलं की आत धूळ जाते."

भाईंनी टोप्या काढून वायर लावली. आवाज आला. गृहस्थ खूश झाले, बायकोला बोलावलं. आम्ही निघालो तर मागून विचारलं, "आता आला ना आवाज? मंग आता टोप्या परत लावल्या तर चालतंय का?"

भाई म्हणाले, "बिलकुल चालतंय. फक्त टीव्ही मुकाट्यानं बघा."

*

तीर्थपुरीला दोन भाऊ वेगळे झाले. मधोमध भिंत घातली. भांडी, बैल, विहिरीच्या पाण्याचे दिवस, सगळ्याची वाटणी झाली आणि टीव्ही-डेकवर येऊन अडली. शेवटी ठरलं की टीव्ही आणि डेक थोरल्याकडे, पण एक बॉक्स धाकट्याकडे. भिंतीला भोक पाडून वायर पलीकडे नेली होती. धाकट्यानं स्वतःचा टीव्ही घेतला होता, पण गाणी त्याला घरच्याच बॉक्सवर ऐकायची होती.

तो दुकानात आला तो तणतणत. "भाई, माझ्याकडं नुसता तबला वाजून राह्यला. पेटी सगळी थोरल्यानं ठेवून घेतली."

तसंच होतं. जुन्या गाण्यांत एक वाद्य एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला असतं. भाईंनी थोरल्याच्या घरी जाऊन डेकवरचं एक बटण दाबलं. आता दोन्ही बॉक्समधून सगळंच सारखं यायला लागलं. धाकट्याची बायको भिंतीच्या पलीकडून म्हणाली, "एवढ्या दिसात ही एकच वाटणी बराबर झाली."

दोन्ही घरांत अजून बोलणं नाही. पण आवाज मोठा झाला की धाकटा भिंतीवर दोनदा थापटतो आणि थोरला कमी करतो.

*

हा किस्सा मी आजपर्यंत कुणाला सांगितला नव्हता.

दिवाळीच्या आसपास भाई चार दिवस तापानं पडले होते. उठून कामाला आले आणि पहिलंच काम एका काकूंच्या घरी निघालं. भाईंनी जोडणी केली, मधोमध उभे राहिले, मान फिरवली, म्हणाले, "बराबर."

बराबर नव्हतं. डावा बॉक्स बंद होता.

मला वाटलं गंमत करतायत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते डोळे मिटून हसत होते, नेहमीसारखेच. मी पिशवी उचलायच्या निमित्तानं खाली वाकलो आणि निघालेली वायर दाबून दिली. कुणाला कळलं नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. फोन आला की भाई तो डाव्या हातात घेत आणि उजव्या कानाला नेत. रस्त्यावर मागून हाक आली की ती कुठून आली ते कळायचं नाही, गोल फिरायचे. तापात त्यांचा डावा कान गेला होता. ज्याचा एक कान गेला त्याला आवाज ऐकू येतो, पण तो कुठल्या बाजूनं येतो ते कळत नाही. आणि आमचं सगळं काम बाजूंचंच. बाजारात हे कळलं असतं तर दुकानात कोण आलं असतं? आणि भाईंना तोंडावर सांगायचं कुणी? मला ग्राहकाला पाणी मागायलासुद्धा लाज वाटते.

मग मी एक युक्ती काढली. काम झालं की भाईंना दुकानात सोडायचं, आणि नंतर एकट्यानं त्या घरी जायचं. "पक्कड विसरलो," म्हणायचं आणि काय चुकलं असेल ते नीट करून यायचं.

हे दोन महिने चाललं. मग त्याच काकू बाजारात भाईंना भेटल्या आणि माझ्यादेखत म्हणाल्या, "भाई, पोरगा चांगला हाय तुमचा, पण लई विसरभोळा. माझ्याकडं विसरला, माझ्या जावेकडं विसरला. याच्याकडं पकडी हायत तरी किती?"

भाई भर बाजारात माझ्यावर ओरडले. "मिलिंद, डोकं कुठं ठेवून राह्यला तू? असल्यानं दुकानाचं नाव जातंय!"

मी मान खाली घालून म्हणालो, "चुकलं, भाई."

*

आणि हा परवाचा.

सोनवणे सर मला शाळेत शिकवायला होते. आता निवृत्त झाले. त्यांच्याकडे जुना अँप्लिफायर आणि कमरेएवढे दोन बॉक्स आहेत. वर्षापूर्वी बाई, म्हणजे सरांची बायको, वारल्यापासून सर घरी एकटेच असतात. मुलानं पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला होता.

भाईंनी मधे त्या उजेडाचा आवाज करणारी छोटी डबी लावून टीव्ही अँप्लिफायरला जोडला. बातम्या लागल्या. भाई मधोमध उभे राहिले. "बराबर, सर."

सर खुर्चीत पुढे सरकले. थोडा वेळ ऐकलं. मग हात डाव्या कानामागे धरला.

"इस्माईल, मला या बाजूनं काहीच येईना."

"येतंय ना सर. चालू हाय."

"मग माझाच गेला म्हणायचा." सर हसले, पण चेहरा पडला होता. "मुलगा म्हणतोच, मशीन बसवून घ्या. म्हणतो, एकटे राहू नका, पुण्याला चला. मी म्हणायचो, मला सगळं नीट ऐकू येतं."

भाई मनापासून म्हणाले, "उमर झाली सर. होतं. जाऊन राहा पोराकडं."

सरांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या बाईंच्या फोटोकडे बघत बसले. मी पिशवी भरत होतो. पक्कड मुद्दाम बाहेर ठेवली होती, संध्याकाळी परत यायला. पण संध्याकाळपर्यंत सरांनी मुलाला फोन केला असता.

"सर, तुमचा कान ठीक आहे," मी म्हणालो. "डावा बॉक्स बंद आहे."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सर माझ्याकडे वळले. भाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. ते डाव्या बॉक्सपाशी गेले, जाळीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मग खाली बसून अँप्लिफायरचं बॅलन्सचं बटण चाचपलं. कुठल्या बॉक्सला किती आवाज द्यायचा ते त्याच्यावर असतं. पुसता पुसता ते पूर्ण उजवीकडे गेलं होतं. त्यावरची खूण कधीच झिजली होती, त्यामुळे मधोमध कुठं, ते कानानंच ठरवावं लागतं.

भाईंनी बटण धरलं आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "मिलिंद, तू बोल. मी फिरवतो."

"डावीकडं घ्या, भाई."

"आता?"

"अजून."

"आता?"

"थोडं मागं. बस."

सर डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "आला." मग मला म्हणाले, "वर्गात असं एकदा जरी बोलला असतास, तर मी तुला शाळा सोडू दिली नसती."

रस्त्यानं आम्ही मोटरसायकल चालू न करता नुसती ढकलत चाललो होतो. बस स्टँडापाशी भाई थांबले. मग म्हणाले, "कधीपासून माहीत हाय तुला?"

"दिवाळीपासून."

"आन् बोलला न्हाई."

"न्हाई, भाई."

भाईंनी गाडी स्टँडवर लावली, कट्ट्यावर बसले, दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत आणि पिऊन होईपर्यंत एवढंच म्हणाले, "गधा हायस तू."

दुकानातल्या टेबलाशी मी दहा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसलोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन दुकान उघडलं, झाडलं आणि माझं स्टूल उचलून त्यांच्या उजव्या हाताला ठेवलं.