ग्रँड नदीकाठचं खापर

शनिवारी सकाळी ओकव्हिलहून निघालो तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. मुलगा अमोल गाडी चालवत होता. मागे मी आणि माझी नऊ वर्षांची नात इरा. बत्तीस वर्षं मी संगमनेरकडच्या एका शाळेत नाईल आणि सिंधू शिकवली, तीही फळ्यावर निळ्या खडूनं नद्या काढून. विद्यार्थ्याला घेऊन खऱ्या नदीवर जायची वेळ आली ती निवृत्तीनंतर, कॅनडात.

सोमवारी इराला वर्गासमोर बोलायचं होतं. विषय होता नद्या आणि प्राचीन संस्कृती, म्हणजे आजोबांच्या हातचा मळ! पण अडचण विषयाची नव्हतीच. मागच्या वेळी ती वर्गासमोर उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना. घरी येऊन बेसमेंटमध्ये (तळघरात) दार लावून रडली. तेव्हापासून प्रेझेंटेशन म्हटलं की तिचं पोट दुखतं. "आजोबा, आय नीड समथिंग टू होल्ड. हातात काही असलं ना, मग मी बोलेन," असं तिनं मला सांगितलं होतं. मी रुबाबात "ते माझ्यावर सोड" म्हणून मोकळा झालो होतो. नेमकं काय देणार, याचा मला पत्ता नव्हता.

ब्रँटफर्डला ग्रँड नदीच्या काठानं वाटाड्याबरोबर फिरायची सहल होती. हायवे ४०३ वरून ते तासाभराच्या आत येतं. तेवढ्या वेळात मी अर्धा अभ्यासक्रम संपवला. नाईलचा पूर दरवर्षी ठरल्या वेळी यायचा आणि शेतावर काळा गाळ पसरून जायचा. तैग्रिस आणि युफ्रेटिस मात्र पीक कापणीला आलं की चढायच्या. मग तिथल्या लोकांना बांध घालावे लागले, कालवे खणावे लागले, कुणी किती खणायचं हे ठरवणारी माणसं नेमावी लागली. सिंधूकाठच्या लोकांनी भाजक्या विटांची घरं बांधली आणि गटारं झाकून टाकली.

"सो द रिव्हर गेव्ह देम होमवर्क?" इरा म्हणाली.

बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला हे सांगितलं नव्हतं. मी अमोलच्या खांद्यावर थाप मारली. "बाबा, मी ड्राइव्ह करतोय," तो म्हणाला.

मग मी आपल्या प्रवरेवर आलो. तिच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती, लाल भांड्यांवर काळ्या रंगानं नक्षी काढत होती. आमच्या गावाबाहेरच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) उत्खनन झालं, तेव्हा माझे वडील तिथं मजुरीला होते. लहानपणी नांगरटीनंतर वर आलेली नक्षीची खापरं रचून आम्ही लगोरी खेळायचो. "यू प्लेड विथ देम?" इरानं डोळे विस्फारले.

ग्रँड नदी पहिल्या नजरेत भरली नाही. मे महिन्यातलं गढूळ पाणी, रुंद पण उथळ पात्र, काठानं विलोची झाडं. नावाला ग्रँड, असं मी मनात म्हणून घेतलं. पण आमची वाटाड्या शॅरन बोलायला लागली आणि नदी माझ्या डोळ्यांसमोर मोठी होत गेली. शॅरन तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, मोहॉक समाजाची, पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. आम्ही चालणारे बारा-तेरा जण होतो. सुरुवातीलाच तिनं बजावलं, "काठावर काही सापडलं तर हात लावू नका. मला हाक मारा." मी ते ऐकलं होतं. खोटं कशाला बोलू?

तिनं पुराची सपाट जमीन दाखवली. अशा गाळावर त्यांच्या आज्या-पणज्या मातीचे उंचवटे करून मका लावायच्या, मक्यावर घेवडा चढवायच्या आणि खाली भोपळा पसरू द्यायच्या. घेवडा जमिनीला कस देतो आणि भोपळ्याची पानं ओल धरून ठेवतात. नदी हाच रस्ता होता. जिथं पाणी संपायचं तिथं पोर्टेज (होडी खांद्यावर घेऊन दुसऱ्या पाण्यापर्यंत जायची वाट) सुरू व्हायचा. मला राहवेना. आमच्याकडे बाजरीत तुरीच्या ओळी घालतात, हे मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडच्या बायकाही हुशार होत्या," शॅरन म्हणाली.

मी इतका फुललो की तिथंच घसरलो. पूर ओसरताना काठ ढासळला होता, तिथं हात टेकून उठलो, तर बोटांना काहीतरी लागलं. अंगठ्याएवढं करडं खापर. त्यावर ओल्या मातीत दोरी दाबल्यासारख्या रेघा. लहानपणापासूनची सवय, ते सरळ खिशात गेलं. इराचं भाषण झालं म्हणून समज, असं मी स्वतःला सांगितलं.

दुपारी मक्याचं सूप मिळालं. टपोऱ्या पांढऱ्या मक्याचं, घेवड्याच्या दाण्यांचं, दाटसर. मला आईच्या हुलग्याच्या माडग्याची आठवण आली आणि मी दुसरी वाटी मागून घेतली. मग इराला बाजूला नेऊन खापर तिच्या तळहातावर ठेवलं.

तिचा चेहरा उजळला. बोटानं तिनं एकेक रेघ चाचपली. मग विचारलं, "शॅरनला सांगितलंत?"

"सांगू नंतर."

"आजोबा, इट्स नॉट अवर्स." तिचे डोळे भरले होते. "तुमच्या प्रवरेचं कुणी असं खिशात घालून नेलं तर?"

"मग सोमवारी काय करशील?"

"आय डोन्ट नो," असं म्हणून तिनं खापर माझ्या हातात परत दिलं.

वडील आठवले. मातीत खापर दिसलं की ते हात मागे घ्यायचे आणि साहेबांना हाक मारायचे. दोन इयत्ता शिकलेल्या माणसाला जे कळत होतं, ते मला कळू नये? लाज वाटली, कान गरम झाले.

मी शॅरनपुढे खापर धरलं आणि काय केलं ते सांगितलं. ती रागावली नाही, पण हसलीही नाही. "नेमकं कुठं होतं?" एवढंच विचारलं. झाली पंचाईत! मला जागा सांगता येईना. मी नुसता घसरलो होतो.

"मला माहितीये," इरा म्हणाली. "पडलेल्या विलोच्या अलीकडे, तीन पावलं. आजोबांच्या हाताचा ठसा असेल तिथं."

खरंच होता. शॅरननं फोटो काढले, जागा टिपून घेतली, खापर होतं तिथं ठेवलं. उत्खननवाल्यांना कळवेन म्हणाली. मग सगळ्यांना जवळ बोलावून ती इराला म्हणाली, "इथं रिकाम्या खिशानं येणारे बरेच जण भरल्या खिशानं जातात. काय झालं ते तूच सांग." मी मध्ये पडणार होतो. तिचं पोट दुखेल, जमणार नाही, असं सांगणार होतो. पण इरानं सुरुवात केलीच.

पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. मग तिनं पुन्हा सुरुवात केली. "माय ग्रेट-ग्रँडफादर डग ॲट अ रिव्हर कॉल्ड प्रवरा." पुढे नाईल आली, सिंधू आली, होमवर्क देणाऱ्या नद्या आल्या, मका-घेवडा-भोपळा आला. आजोबांची चोरीही तिनं वगळली नाही! लोक माझ्याकडे पाहून हसले, मीही हसलो. तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं. अमोल चष्मा पुसत राहिला.

परतताना ती गाडीत झोपली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. नद्यांनी माणसाला काय काय दिलं, याची यादी मी आयुष्यभर मुलांकडून पाठ करून घेतली. गाळ, धान्य, नगरं, लिपी. पण नदीनं दिलेलं माणसाला जपावं लागतं, हे माझ्या यादीत नव्हतं. ते मला चौथीतल्या मुलीनं शिकवलं.

सोमवारी दुपारी शाळेची बस परत आली तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. तिचा चेहरा पाहूनच कळलं. एका मुलानं म्हणे विचारलं, तू दाखवायला काहीच का नाही आणलंस?

"मग तू काय म्हणालीस?"

"आय सेड, इट्स ॲट द रिव्हर. गो अँड सी इट देअर."

ती उत्खननावरच्या मजुराची पणती आहे, हे त्या आठवड्यात मी फोन करकरून गावाकडच्या प्रत्येकाला सांगितलं.