मशीनच्या आधी पाणी

आमच्या घरी बैलजोडी होती तोवर दुपारची एक रीत होती. आधी बैलांनी पाणी प्यायचं, मग माणसांनी. सासूबाई सून होऊन आल्या तेव्हापासून ती पाळत होत्या. बैल शेतातून आले की त्या बादली घेऊन आधी गोठ्यात जात. स्वतःच्या ओठांना कोरड पडलेली असली तरी जात. जो जीव आपल्यासाठी राबतो त्याच्या आधी आपला घसा ओला करायचा नाही, एवढंच त्यांना माहीत होतं.

सासरे गेल्यावर शेत ठेक्यानं दिलं आणि बैल विकून माझ्या नवऱ्यानं गाड्या धुवायची प्रेशर मशीन आणली. आमचं घर मोहर्लीच्या जंगल-गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सफारीच्या जिप्सी सकाळच्या फेरीहून येतात तेव्हा धुळीनं माखलेल्या असतात आणि दुपारच्या फेरीआधी त्या धुऊन हव्या असतात. म्हणून आमचं काम भर उन्हातलं.

आमच्याकडे नळ नाही. प्यायचं पाणी बोरिंगवरून हापसून आणायचं आणि रांजणात भरायचं. मशीनचं पाणी शेतातल्या विहिरीचं. नवरा हातगाडीवर कॅना भरून आणायचा आणि जुन्या लुगड्यातून गाळून ड्रममध्ये ओतायचा. रेतीचा बारीक कण गेला तरी पाणी फवारणाऱ्या गनचं तोंड बुजतं. मशीनचा पाईप ड्रममध्ये बुडालेला असतो. पाणी पाईपाच्या खाली गेलं की मशीन हवा ओढते, आवाज चिरका होतो, आणि तशीच चालू ठेवली तर ती आतून जळते.

धुण्याचं काम माझं होतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. मशीन सुरू झाली की कोणी काही विचारत नाही, विचारलं तरी ऐकू येत नाही, म्हणून मला ते काम बरं वाटायचं. एक ड्रायव्हर नेहमी चिडवायचा, "वहिनी, तुमच्या घरी मशीनच बोलते वाटते."

पहिल्या पोळ्याला सासूबाईंनी मशीनला हळदकुंकू लावलं आणि पुढे नैवेद्य ठेवला. शेजारीण कुंपणावरून पाहत होती. ती म्हणाली, "बाई, आता याले शिंगं लावून बेगड चिकटवा."

"हसून घे," सासूबाई म्हणाल्या. "घर तेच चालवून राह्यलं."

आम्हीही हसलो. त्यांच्या मनात ते किती खोल आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात विहिरीचं पाणी खोल गेलं. नवऱ्याला थांबून थांबून कॅना भराव्या लागत. जायच्या आधी तो आईला सांगायचा, "आई, तू मांडवात बसून ड्रमकडे लक्ष ठेव. पाणी पाईपाखाली गेलं त मशीन जळते. दिसलं का हिले आवाज दे."

सासूबाई दारापुढच्या मांडवात बसत. रांजण त्यांच्या हाताशी असायचा. ड्रम दोन पावलांवर. मी त्यांच्याकडे पाठ करून चाकांमधला चिखल काढत असायची. त्यांनी हाक मारली तरी मला ऐकू येणार नव्हती. हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असेल. त्यांनी हाक मारणं सोडून दिलं आणि पाणी खाली गेलं की रांजणातून गडव्यानं काढून ड्रममध्ये ओतू लागल्या. नवरा परत आल्यावर मी रांजण रिकामा पाहायची. वाटायचं, ऊन फार आहे, म्हातारी पाणी पिते ते बरंच आहे.

एका दुपारी गाडीला साबण लावून झाला होता. मी गन उचलली, तेवढ्यात ड्रायव्हर दोन्ही हात हलवून माझ्या मागे दाखवू लागला. मी वळले. सासूबाई ड्रमजवळ कुशीवर पडल्या होत्या. गडवा हातातच होता. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. जीभ सुकून टाळूला चिकटली होती.

त्याच जिप्सीत टाकून त्यांना दवाखान्यात नेलं. काचेवरचा साबण वाळून पांढरा झाला होता. ड्रायव्हर मान बाहेर काढून गाडी हाकत होता. तिथून चंद्रपूरला पाठवलं. सिस्टरनं सलाईन लावता लावता मला विचारलं, "घरात पाणी नाई का? म्हातारीले पाणी काऊन नाई पाजत?" रांजण तर रोज रिकामा होत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. मुलाला ओळखलं. पहिलं विचारलं ते हे, "मशीन जळली त नाई न?"

"नाई जळली. तुले काय झालं ते सांग. पाणी काऊन नाई पेली तू?"

"पेत होती न. सकाळी, सांजी."

"अन् दुपारी?"

त्यांनी सलाईनच्या नळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दुपारी त्याले लागे, बाबू. मी त बसूनच होती."

नवरा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ वऱ्हांड्यातल्या खांबाला टेकून उभा राहिला.

घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, किडनीवर परिणाम झाला आहे, घोट घोट पाणी दिवसभर पोटात गेलं पाहिजे, पुन्हा शरीर असं कोरडं पडलं तर त्या वाचणार नाहीत. नवऱ्यानं दुसरा ड्रम आणला. सासूबाईंची खाट घरात हलवली आणि रांजण तिच्याजवळ ठेवला. त्या सकाळी पीत, संध्याकाळी पीत. दुपारी मशीनचा आवाज सुरू झाला की गडवा तसाच भरलेला राही.

"तू पेल्यानं मशीनीचं पाणी कमी होत नाई, आई," नवरा चिडून म्हणाला.

"मले समजते ना. पण नरड्याखाली उतरत नाई. तोंडात घेतलं का तोंडातच राह्यते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी स्वतः पाजून पाहिलं. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून परत येत होतं. पायांवर सूज चढू लागली होती.

दोन दिवसांनी नवरा विहिरीवर गेला होता. दारात तीन गाड्या उभ्या होत्या, चौथी येऊन लागत होती. पहिली अर्धी धुऊन झाली होती. मी खिडकीतून पाहिलं. सासूबाई खाटेवर बसून भिंतीकडे तोंड करून होत्या, गडवा भरलेला. मी मशीन बंद केली. पाईप ड्रममधून बाहेर काढला आणि आत जाऊन त्यांच्यासमोर ओला पाईप गुंडाळून ठेवला.

"काय झालं व?" त्यांनी विचारलं.

"काही नाई. त्याचं पिऊन झालं. आता बसलं आहे."

"पोटभर?"

"हो. ड्रम भरलेला आहे. तुमी पाहा."

त्या खिडकीशी आल्या. खरंच वाकून पाहिलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. "वहिनी, दोन वाजून राह्यले. पाहुणे बसले आहेत गेटवर."

मी दारात आले. चौघे जण माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "भाऊ, मशीन आता सुरू होणार नाई. माह्या सासूचं पाणी होऊ द्या. थांबायचं त थांबा, नाई त गाडी घेऊन जा."

शेवटची गाडी वळून गेली. मधले दोघे ड्रायव्हर पुटपुटत कपड्यानंच काचा पुसायला लागले. हॉर्न वाजवणारा मात्र खाली उतरून मांडवात बसला.

आत सासूबाईंनी गडवा दोन्ही हातांनी धरला होता. घसा खाली-वर होत होता. अर्ध्यावर थांबल्या, श्वास घेतला, उरलेलंही प्यायल्या. पदरानं तोंड पुसून त्यांनी गडवा माझ्यापुढे केला.

"अजून दे," म्हणाल्या.