जर्नलातून गळलेली ओळ

प्रॅक्टिकलचं जर्नल आठवलं की माझं डोकं अजून तापतं. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रीतच होती: वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जर्नल आणायचं, त्यातला प्रोग्रॅम निळ्या पेनानं उतरवायचा आणि खालचं आउटपुटही तिथूनच उतरवायचं. चालवून कुणी बघत नव्हतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून मला पैकीच्या पैकी. करकंबच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील ते जर्नल पाहुण्यांना दाखवायचे.

जुळे सोलापुरातल्या एका छोट्या कंपनीनं मला प्रोबेशनवर घेतलं. टॉवेलच्या फोटोवरून विणीतले दोष ओळखणारं मॉडेल करायचं होतं. मी जर्नलातला मॉडेल शिकवायचा प्रोग्रॅम तसाच घातला. मॉडेलची चूक आधी जरा कमी झाली, मग वाढतच गेली. तीन दिवस मी नुसते आकडे बदलत होतो.

टीमच्या मॅडमनी ‘बॅकवर्ड’च्या ओळीवर बोट ठेवलं. “ही काय करते?”

“मॉडेलला शिकवते, मॅडम.”

“ते जाहिरातवाले पण सांगतात. आत काय होतं?”

मी ती ओळ पुन्हा वाचून बघितली.

“सोमवारी सांग. नाही आलं, तर प्रोबेशन इथंच संपलं समज.”

रविवारी सोलापुरातल्याच शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत फ्रेमवर्कचा, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर मॉडेल चालतं त्याचा, कोड उघडला. डोक्यावरून गेला. मग वहीत दोनच आकड्यांचं गणित मांडून एकेक पायरी ताडून पाहिली. कुठला आकडा कशातून आला याची फ्रेमवर्क नोंद ठेवतं. बॅकवर्ड म्हटलं की त्या नोंदीवरून उलटं येतं आणि शेवटच्या चुकीत प्रत्येकाचा वाटा किती ते काढतं. तो वाटा आधीच्या वाट्यात मिळवतं, जुना पुसत नाही. ते बरोबरच आहे. एकच आकडा दोन ठिकाणी वापरला असेल तर दोन्हीकडचे वाटे धरावे लागतात. पण नव्या फेरीआधी जुनं आपण पुसायचं असतं. पुसण्याची ओळ माझ्या जर्नलात नव्हतीच! कुणीतरी उतरवताना गाळली, आणि आउटपुटही उतरवलेलंच, मग कळणार कुणाला? किती वर्षं, किती पोरं! आणि त्यांत मीही.

सोमवारी मॅडमना कागदावर सगळं करून दाखवलं. “राहा आता,” त्या म्हणाल्या.

मी कॉलेजात जर्नल तपासणाऱ्या सरांना फोन केला. खरं तर आभार मानायला.

“बघ, आपल्या कॉलेजचं शिक्षण!” सर म्हणाले.

तिथं माझा ताबा सुटला. “सर, हॉस्टेलला जागा मिळावी म्हणून तुमी माझ्यासाठी खेटे घातले, ते मी जन्मात विसरणार न्हाय. पण त्या जर्नलातला प्रोग्रॅम चुकीचा हाय. न वाचता सही केली तुमी.”

“लई शाना झालास की!” मग आवाज खाली आणून, “बरं, ती ओळ पाठव. घालायला सांगतो सगळ्यांना.”

“ओळ न्हाय पाठवणार, सर. पोरांना प्रोग्रॅम चालवायला सांगा.”

फोन मीच आधी ठेवला.