आधी कुठून ते सांगा

सरांकडे काहीही मागा, ते उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि विचारायचे, "कुठून?"

पेन मागा, "कुठून?" खुर्ची मागा, "कुठून?" टेबलावरचं पेन, कोपऱ्यातली खुर्ची, असं नीट सांगितलं की मगच वस्तू मिळायची. आमच्या कासा गावच्या नाक्यावरच्या हॉटेलवाल्यानं एकदा साध्या मनानं विचारलं, "सर, वडा आणू?" बोट वर. "कुठून?" हॉटेलवाला म्हणाला, "कढईतून आणतो ना साहेब, विहिरीतून थोडाच आणणार." सर खूश. मला म्हणाले, "बघा काका, याला जमलं. आधी कुठून ते, मग काय ते." हॉटेलवाल्यानं माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, वर्ग सुटला तरी ज्याचं शिकवणं सुटत नाही. हे त्यातले.

मी तिसरीतून उठलो तो उठलोच. त्याचं मला काही वाटत नाही. रस्त्याला लागून माझं पत्र्याचं गोडाऊन आहे. डोंगराकडच्या पाड्यांनी लग्नाकार्यासाठी मिळून घेतलेली भांडी माझ्याकडं असतात, कारण जीपा इथूनच सुटतात आणि बाजारही इथलाच. टोप, पराती, हंडे, झारे. प्रत्येकावर आधी पाड्याचं नाव ठोकलेलं, मग भांड्याचं. मागायला आलेला नुसता 'मोठा टोप द्या' म्हणाला तर मी जागचा उठत नाही. डोंगरीपाड्याचा मोठा टोप वेगळा, नदीपाड्याचा मोठा टोप वेगळा. इतक्या वर्षांत एक झारा इकडचा तिकडं गेलेला नाही. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं येऊन बघावं.

गोडाऊनला लागून माझीच एक खोली आहे. तिथं एका संस्थेनं कॉम्प्युटरचा वर्ग काढला, पाड्यांवरच्या बारावी झालेल्या पोरापोरींसाठी. शिकवायला हे सर. राहणारे डहाणूजवळच्या आगर गावचे, मच्छीमाराच्या घरातले, रोज सकाळी डहाणूहून जीपनं यायचे. मधली भिंत पत्र्याची. त्यामुळं मला शिकायचं नव्हतं तरी शिकावं लागलं.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्या दारात आले. "काका, चहाला एखादं पातेलं मिळेल का?"

मी बसल्या जागेवरून विचारलं, "कुठल्या पाड्याचं?"

माणूस तिथंच थांबला. जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसा माझ्याकडं बघत राहिला. मग माझा हात धरून मला शेजारच्या खोलीत घेऊन गेला आणि पोरांना म्हणाला, "हे बघा, काकांना येतं."

काय येतं ते मला नंतर कळलं. कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा आहे, पायथन नावाची. एका प्रकारची कामं एका फाईलीत लिहून ठेवायची, त्या फाईलीला म्हणायचं मॉड्यूल. तशा फाईली एका फोल्डरात ठेवल्या की झालं पॅकेज. आणि लागेल तेव्हा तिथून मागवायचं, ते इम्पोर्ट. फोल्डर म्हणजे पाडा, फाईल म्हणजे भांडं. मी म्हटलं, म्हणजे हे माझंच गोडाऊन झालं, याला वेगळी भाषा कशाला पाहिजे? पोरं हसली. मी विनोद केला नव्हता.

तेव्हापासून माझं गोडाऊन त्यांच्या वर्गात रोज उघडायचं. कुणी आळस करून फाईलीतलं सगळंच्या सगळं एकदम मागवलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "आला नदीपाड्याचा मामा." हा मामा मीच त्यांना सांगितला होता. भाच्याच्या साखरपुड्याला असून असून माणसं किती, तर ओटीवर मावतील एवढी. पण मामा म्हणाला, सगळंच द्या, निवडत कोण बसतो. नेलं सगळं. तिथं त्याच्या घरचे झारे आणि पाड्याचे झारे एक झाले, आणि पोरीकडची माणसं जेवून गेली तरी मामा अंगणात झाऱ्यांच्या ढिगात बसून कुठला कुणाचा ते ओळखतोय. सर ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचे की मामाला कासाच्या बाजारात पोरं ओळखायला लागली. मामा मला अजून त्याबद्दल बोलतो.

आमच्याकडं शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. सरांनी ते पहिल्या दिवसापासून पाळलं. चहाचं पातेलं घासून, त्यात आगरची सुकट घालून परत यायचं. सुकटीच्या वासानं माझी सून वैतागायची आणि मग तीच चटणी करायची. एकदा घाईत काही आणायचं राहिलं, तर पातेल्यात खडू आले. मी म्हटलं, "सर, याचं कालवण करू का?" तर म्हणाले, "रिकामं कसं द्यायचं काका?" ते खडू आमच्या चुलीच्या वरच्या फळीवर बरेच दिवस होते. मुंग्यांना रेघ मारायला चांगले.

पण एका गोष्टीवर आमचं जमलं नाही ते नाहीच. सर म्हणायचे, इम्पोर्ट केलेली वस्तू मूळ जागेवर राहते आणि मागवणाऱ्याकडंही येते. मी म्हटलं, हे खोटं. टोप लग्नाला गेला की फळीवर त्याची गोल खूण राहते, टोप राहत नाही. ते म्हणाले, "काका, इथं फक्त नाव सांगायचं. वस्तू तिथंच, आणि वापरतो आपण इथं." मी म्हटलं, "मग तुमचं जेवण आगरला राहू द्या आणि इथं नुसतं नाव घेऊन जेवा." यावरचं उत्तर शोधत सर त्या दिवशी घरी गेले. दुसऱ्या दिवशी सुचलं, ते सांगायला आले, तोवर मला नवीन प्रश्न सुचला होता. असं आमचं पावसाळाभर चाललं.

आता मुख्य सांगतो. थंडी सरता सरता संस्थेचा निरोप आला. पोरांनी स्वतः केलेलं, चालणारं काहीतरी दाखवा. नाहीतर कॉम्प्युटर उचलून डहाणूला नेऊ, तिथं पोरं जास्त येतात. डहाणू म्हणजे पाड्यावरून दोन गाड्या बदलायच्या. पोरं गेली असती. पोरी गेल्या नसत्या. वर्गात सुनीता म्हणून एक होती, नदीपाड्याची, सगळ्यांत हुशार. तिच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं, कासापर्यंत ठीक, काका शेजारी बसलेले असतात. त्यापुढं नाही.

सरांनी ठरवलं, काकांच्या गोडाऊनचाच प्रोग्राम करायचा. कुठल्या पाड्याचं कुठलं भांडं कधी कुणाकडं जाणार, सगळं मशीन सांगेल. मी म्हटलं, मी सांगतोच आहे. पण सुनीताकडं बघून गप्प बसलो.

पोरांनी महिनाभर खपून केला. संस्थेच्या मॅडम बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी सर दुपारच्या जीपनं गेले आणि मी सहज वर्गात डोकावलो. सुनीता मला एकेक फाईल दाखवत होती. लग्नाच्या तारखांच्या फाईलीला नाव दिलं होतं 'तारखा'. मी म्हटलं, हे काय? माझ्या गोडाऊनमध्ये तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतात. अख्खा तालुका येऊन विचारतो, काका, कॅलेंडर बघा. तर नाव कॅलेंडर पाहिजे. सुनीता म्हणाली, सरांना विचारू. मी म्हटलं, गोडाऊन सरांचं आहे का? तिनं नाव बदललं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम आल्या. खुर्चीवर बसल्या, चहा झाला, सुनीतानं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. पोरांचे चेहरे उतरले. मॅडम म्हणाल्या, होतं असं, आणि पर्स मांडीवर घेतली. पर्स मांडीवर आली म्हणजे पाहुणा उठणार, हे मला लग्नांतून माहीत आहे.

सर घाबरले नाहीत. मशीनपुढं बसले, बोट वर केलं आणि मशीनला विचारलं, "कुठून?"

खरंच विचारलं, तोंडानं. मग एक ओळ लिहिली. मशीननं सरळ पत्ता सांगितला, कॅलेंडर कुठून आणलं त्याचा. सर वाचून मागं वळले आणि माझ्याकडं बघितलं. सुनीताकडं नाही, माझ्याकडं.

झालं होतं असं. पायथनकडं स्वतःचं बरंच सामान तयार असतं, आणि त्यात कॅलेंडर नावाचं एक मॉड्यूल आहे. कुठला महिना किती दिवसांचा, कुठला वार, ते हे मॉड्यूल सांगतं. आमच्या प्रोग्रामला ते लागत होतं. पण पायथन काहीही शोधताना आधी घरात बघतो, म्हणजे आपल्याच फोल्डरात, आणि मग बाहेर. त्याला घरातच कॅलेंडर सापडलं. तो तिथंच थांबला, आणि त्यात वार कुठं आहेत म्हणून ओरडत बसला.

मी म्हटलं, "मग बरोबर केलं त्यानं. घरात असताना बाहेर कशाला जाईल?"

मॅडम हसल्या. सर म्हणाले, "काका, आपल्या फाईलीचं नाव बदलू या."

मी म्हटलं, "नाही. त्यांचं बदला."

"ते जगभर वापरतात, काका."

"माझं तालुकाभर वापरतात."

सुनीतानं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. मला ते दिसत होतं. पण चारचौघांत आणि पाहुण्यांपुढं शब्द मागं घ्यायचा म्हणजे मला जमत नाही. कधी जमलेलं नाही. दुसऱ्या कुठल्याही मास्तरनं मला बाहेर काढलं असतं, आणि खोली माझी असल्यामुळं भांडण लांबलं असतं.

सर माझ्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी फोल्डरात आणखी एक फोल्डर केलं. त्याला नाव दिलं 'काका'. माझी फाईल उचलून त्यात ठेवली. शेजारी एक रिकामी फाईल ठेवली. मॅडमनी विचारलं, ही रिकामी कशाला? सर म्हणाले, "हे घर आहे, एवढं पायथनला सांगायला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काका, नाव तेच राहिलं. फक्त हाक मारताना आधी तुमचं नाव घ्यायचं. काका, टिंब, कॅलेंडर. तुमच्या टोपांवर आधी पाडा असतो तसं. आता त्यांचं त्यांना, तुमचं तुम्हाला."

मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "हां, असं असेल तर चालेल."

सुनीतानं बटण दाबलं. चाललं. डोंगरीपाड्याचा मोठा टोप कुठल्या तारखेला कुणाकडं, वारासकट आलं. मॅडमनी मुद्दाम नुसतं 'मोठा टोप' लिहून बघितलं, तर मशीननं उलट विचारलं, कुठल्या पाड्याचा? पर्स पुन्हा खाली गेली आणि चहा पुन्हा झाला. आणि नाव म्हणाल तर मी आजही सांगतो, ते बरोबरच होतं.

वर्ग कासालाच राहिला. पण मॅडम सरांवर इतक्या खूश झाल्या की त्यांनी तलासरी तालुक्यात, झरीला, नवा वर्ग काढायचं ठरवलं. तिथं शिकवणारा पाहिजे होता. कुठून? तर कासातून. झरीवाल्यांनी सर मागवून घेतले, आणि इथला वर्ग सुनीताकडं दिला.

जायच्या दिवशी सर पातेलं परत द्यायला आले. सुकट काठोकाठ. नाक्यावर तलासरीची जीप उभी होती, ड्रायव्हर "चालो, चालो" करत होता. मी पातेलं हातात घेऊन म्हटलं, "बघा सर. मी पावसाळाभर सांगत होतो. मागवून नेलेली वस्तू जागेवर राहत नाही."

त्यांनी बोट वर केलं. मला वाटलं, आता विचारतील. पण बोट तसंच वर धरून ते जीपमध्ये बसले, आणि जीप वळेपर्यंत ते खिडकीतून दिसत होतं.

वाद मी जिंकलो होतो. एवढा मोठा वाद जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मी दोन दिवस गोडाऊनचं दार अर्धंच उघडलं.

मग एका सकाळी मी त्याच पातेल्यात चहा टाकला होता. सवयीनं दोघांचा. भिंतीपलीकडं वर्ग भरला होता. कुणीतरी नवीन पोर म्हणालं, "ताई, खडू द्या ना."

"कुठून?"

मी पातेलं तसंच हातात घेऊन दारात गेलो. फळ्यापाशी सुनीता उभी होती. उजव्या हाताचं बोट वर.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "चहा जास्त झालाय," आणि पातेलं टेबलावर ठेवून परत आलो.

सर आता झरीला आहेत. परवा तिकडचा एक जीपवाला सांगत होता, तुमच्याकडून आलेला मास्तर, वडा आणू का म्हटलं तरी पत्ता विचारतो. म्हणजे ते तिथंही आहेत. पण म्हणून मी वाद हरलो, असं कुणी समजू नये. हरलो की नाही, ते सरांनी इथं येऊन, माझ्यासमोर बसून सांगावं. तोवर मी जिंकलेलाच आहे.